सर्जिकल वॉर्डाचा आयसीयू करताना

एप्रिल २०२० च्या शेवटी आमचा पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड रिकामा करून तिथे कोविड आयसीयू सुरू करायचं ठरलं. मी मेडिकल आयसीयूत सीनियर सिस्टर, त्यामुळे नर्सिंगची घडी बसवायचं काम माझ्याकडे आलं.

व्हेंटिलेटर, मॉनिटर भराभर आले. अडलं ते ऑक्सिजनपाशी. सर्जिकल वॉर्डात ऑपरेशननंतर दोन-चार लिटरवर असणारे मोजके पेशंट असतात, पाइपलाइनही त्याच हिशोबाची. हाय फ्लो कॅन्युलाला, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या नळीला, एका पेशंटमागे मिनिटाला ६० लिटरपर्यंत फ्लो लागतो. अशी तीन-चार मशिन्स एका ओळीत लावली, की शेवटच्या खाटेजवळचं प्रेशर पडायचं आणि व्हेंटिलेटरचा अलार्म सुरू. पाइप बदलून होईपर्यंत आम्ही हाय फ्लोचे पेशंट विखरून ठेवले, खाटेशेजारी भरलेले सिलिंडर उभे केले. हवा कॉरिडॉरमध्ये येऊ नये म्हणून एसी बंद, खिडक्यांना एक्झॉस्ट फॅन. त्यात मे महिना आणि अंगात पीपीई. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही.

खरा पेच माणसांचा होता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर लागते. तेवढ्या आयसीयूच्या सिस्टर आणायच्या कुठून? मग ऑर्थो (हाडांचा वॉर्ड), ईएनटी (कान-नाक-घसा), ओपीडीतून पाठवल्या गेल्या. वरून आलेल्या तक्त्यात आम्ही सगळ्याच एका रकान्यात होतो: नर्स, एकूण इतक्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. वर्षानुवर्षं ऑर्थोत काढलेल्या सिस्टरला एकदम आर्टिरियल लाइन (बीपी सतत मोजणारी धमनीतली नळी) आणि बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅडच्या पंपासमोर उभं करणं हा तिच्यावरही अन्याय आणि पेशंटवरही.

मेट्रन मॅडमकडे जाऊन मी गट पाडायची परवानगी मागितली. प्रत्येक शिफ्टला आयसीयूची एक सिस्टर, तिच्याबरोबर बाहेरच्या दोघी-तिघी. व्हेंटिलेटर, सक्शन (नळीतला कफ ओढणं), एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी), पंप हे पहिलीकडे. रायल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं, फीड, तोंडाची-डोळ्यांची निगा, पाठीची काळजी, चार्टिंग बाकीच्यांकडे. ड्यूटीआधी छोटे क्लास घेतले. सगळ्यात आधी शिकवलं ते हे: अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघा, मग मशीनकडे. पीपीईत कोण कोण तेही कळायचं नाही, म्हणून छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव आणि वॉर्ड लिहायचो.

पेशंटला पालथं करायची वेळ आली तेव्हा तर रकान्याचा फोलपणा उघडच झाला. पालथं केलं की फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात हवा चांगली पोचते, म्हणून १६ तास तसंच ठेवायचं. डोक्याशी अॅनेस्थेशियाचे डॉक्टर श्वासाची नळी धरून, दोन्ही बाजूंना दोघं-दोघं. आधी फीड बंद, डोळ्यांना टेप, मॉनिटरचे इलेक्ट्रोड पाठीवर. नळी निसटली तर सगळं संपलं. इथे ऑर्थोच्या सिस्टर आमच्यापेक्षा सरस निघाल्या! मणक्याचा पेशंट मान-पाठ एका रेषेत ठेवून वळवायचा, हे त्यांच्या हातातच होतं. उशा छातीखाली आणि कमरेखाली कशा द्यायच्या, हे वॉर्डातल्या मामांनाही त्यांनीच शिकवलं. मग प्रोनिंगचं, म्हणजे या पालथं करण्याचं, पुढारपण त्यांना देऊन टाकलं.

लोकल बंद होत्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या, तोवर कल्याण-विरारच्या सिस्टरांची शिफ्ट बसच्या वेळेवर ठरायची. गट मात्र फोडू दिले नाहीत.

एप्रिल २०२१ मध्ये त्याचं फळ दिसलं. ऑक्सिजनच्या टंचाईमुळे १७ तारखेला मुंबई महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवावे लागले, इतकी परिस्थिती बिकट होती. आमच्याकडे गटांची वही तयार होती. कोणी काय शिकलंय, हे नावासमोर लिहिलेलं, त्यामुळे नव्याने क्लास घ्यावे लागले ते थोड्याच जणींचे.

आता त्या वॉर्डात पुन्हा हर्निया, अपेंडिक्सचे पेशंट आहेत. बाकी वॉर्डांतल्या सिस्टरना दरवर्षी पंधरा दिवस आयसीयूत पाठवावं, असं मी लेखी मागितलंय. ऑर्थोच्या दोघी येऊन गेल्या. ईएनटीची ऑर्डर अजून निघायची आहे, मागे लागले आहे.