सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, पण बिल निघेना : माझा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीत एका दाळमिलचा हिशोब मी बघते. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. अकाउंटिंगचा डेटा माझ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे तोच आमचा सर्व्हर; बिलिंगचा आणि वजनकाट्यावरचा त्यालाच जोडलेले. विजा झाल्या त्या रात्री राउटर जळाला. केबलवाल्याने नवा बसवला, इंटरनेट लगेच आलं. सकाळी मात्र बाकी दोन्ही कॉम्प्युटरवर एकच मेसेज : सर्व्हर सापडत नाही. जीएसटीआर-३बीची, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न भरायची, २० तारीख तोंडावर, बाहेर तूरडाळीची गाडी भरून उभी, आणि शेठजी सारखे विचारायचे, "ताई, बिल निघालं का?"

अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने तिकडूनच आमची स्क्रीन ताब्यात घेतली, बिलिंगवरचा प्रोग्राम काढून परत टाकला. फरक शून्य. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं लायसन एकाच युजरचं असेल, अपग्रेड करा." आदल्या दिवसापर्यंत आम्ही तिघं एकाच वेळी काम करत होतो! मल्टी-युजर लायसनची पावती दाखवली, तेव्हा सूर बदलला : नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, हार्डवेअरवाल्याला बोलवा. हार्डवेअरवाल्याने तिन्हीकडे यूट्यूब लावून बघितलं, डेटाचं फोल्डर नव्याने शेअर केलं आणि म्हणाला, "नेट तर पळतंय ताई, सॉफ्टवेअरवाल्यालाच विचारा." परत फोन, परत नवा माणूस, परत लायसनचा नंबर, परत सगळं पहिल्यापासून. आधीच्या फोनची नोंद कुणी वाचतच नाही, याचा मला आजही संताप येतो. "कालपासून काय बदललं?" एवढा एकच प्रश्न दोघांपैकी कुणी विचारला असता, तर गाडी दुपारीच निघाली असती. इंटरनेट चालणं वेगळं आणि एका कॉम्प्युटरला दुसरा दिसणं वेगळं, हे त्यांना तर माहीत असायला हवं.

शेवटी मीच बसले. माझ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकलं; त्यात कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, दिसतो. जुन्या राउटरवर आयपी १९२.१६८.१ ने सुरू व्हायचा, आता १९२.१६८.० ने. बाकी दोन कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत होते. त्यांच्यावर सर्व्हरचा पत्ता बदलला, तरी पिंगला (दुसरा कॉम्प्युटर दिसतो का, हे बघायची हाक) उत्तर नाही. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये सापडलं : नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, म्हणून त्याने ते 'पब्लिक' धरलं होतं. पब्लिकमध्ये आपला कॉम्प्युटर इतरांपासून लपलेला राहतो. 'प्रायव्हेट' केलं आणि पिंगला उत्तर आलं. तो आनंद मी विसरणार नाही.

बिलिंगवर प्रोग्राममधलं आमच्या कंपनीचं खातं उघडलं, पण बिल सेव्ह होईना. नव्याने शेअर केलेल्या फोल्डरला फक्त वाचायची परवानगी होती. ही परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीत. दोन्हीकडे लिहायची परवानगी दिली, तेव्हा कुठे बिल निघालं.

कुणी फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी विंडोजची भिंत) बंदच करा म्हणालं तर ऐकू नका, त्यात आपल्या प्रोग्रामला तेवढी सूट द्या. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा बांधून घ्या, नाहीतर तो पुन्हा बदलू शकतो. आणि हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं : हेल्पलाइनच्या माणसाला कशालाही हात लावू देण्यापूर्वी सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढा आणि डेटाच्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. मी घेतली होती, म्हणूनच त्याला स्क्रीन दिली.