तुम्ही विचारलेत म्हणून : त्यात रेडियम असते का?

अंधारात उजळणाऱ्या पदार्थांवर मी संशोधन करतो असे सांगितले, की लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न येतो : ‘म्हणजे रेडियम ना?’ आणि पाठोपाठ, जरा हलक्या आवाजात, दुसरा : ‘त्याने काही अपाय होत नाही ना?’ गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी नातवाच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या काढून टाकू का, असे विचारले आणि वर म्हणाल्या, ‘तू तर रोज हात लावतोस त्याला, तुला काही होत नाही?’ तेव्हा एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले.

आपल्याकडे ‘रेडियम’ हा शब्द निदान तीन वेगवेगळ्या वस्तूंना लावला जातो, आणि खरा घोळ तिथेच आहे. नंबरप्लेटवर अक्षरे कापून देणारा दुकानदार, किंवा उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे लाल पट्ट्या लावणारा ट्रॅक्टरवाला ज्याला रेडियम म्हणतो, त्याला स्वतःचा प्रकाश मुळीच नसतो. त्या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्रिझम बसवलेले असतात आणि ते आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणूनच मागच्या गाडीच्या चालकाला पट्टी झगझगीत दिसते, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला फारशी दिसत नाही, आणि हेडलाइट मालवला की ती त्याच क्षणी काळी पडते.

छतावरच्या चांदण्यांचे तसे नाही. दिवा मालवल्यावरही त्या उजळत राहतात, कारण त्यांत फॉस्फर, म्हणजे मिळालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात परत देणारा पदार्थ, असतो. चांगल्या प्रतीच्या चांदणीत तो बहुधा युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेला स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतो. या फॉस्फरच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या हिरव्या उजेडाविषयीचा जपानी संशोधकांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि तोवर वापरात असलेले झिंक सल्फाइड मागे पडले. प्रकाश पडला की काही इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला जातात आणि परतताना स्फटिकातल्या खाचखळग्यांत अडकतात. आम्ही त्यांना सरळ ‘ट्रॅप’ म्हणतो. खोलीतल्या साध्या उष्णतेने ते एकेक करून सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. पडताळून पाहायचे असेल, तर उजेडात ठेवलेली चांदणी अंधारात नेऊन गरम पाण्याच्या वाटीत बुडवा : ती एकदम जास्त उजळेल, आणि लवकर विझेलही, कारण साठा तेवढाच आणि उधळपट्टी मात्र वाढलेली. यात किरणोत्साराचा काही संबंध नाही. काकूंना मी सांगितले, चांदण्या खुशाल राहू द्या.

हा पदार्थ बनवताना काय करतो, असेही विचारले जाते. स्ट्रॉन्शियम आणि अॅल्युमिनियम यांचे नायट्रेट, नायट्रिक आम्लात विरघळवलेले चिमूटभर युरोपियम ऑक्साइड, तेवढेच डिस्प्रोसियमचे, आणि इंधन म्हणून युरिया, हे सारे चिनी मातीच्या बशीत थोड्या पाण्यात कालवून ५०० अंश सेल्सियसला तापलेल्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत, सरकवायचे. पाणी उकळून उडून जाते, उरलेला पाक फसफसतो, तांबूस धूर निघतो आणि अचानक भडका उडतो. पाच मिनिटांत बशीत बत्ताशासारखा फुललेला, हाताला न जाणवण्याइतका हलका पांढरा गोळा तयार. पहिल्या वेळी मी तो मोठ्या अपेक्षेने अतिनील दिव्याखाली धरला, तर तो हिरव्याऐवजी लाल दिसला. वर्णपट घेतल्यावर, म्हणजे त्या प्रकाशातले रंग वेगळे करून पाहिल्यावर, कारण उघड झाले : ६१२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास टोकदार लाल रेषा होत्या, म्हणजे युरोपियमने दोनऐवजी तीन इलेक्ट्रॉन गमावलेले होते. त्याच मूलद्रव्याने दोनच गमावले, तर ५२० नॅनोमीटरभोवती रुंद, पसरट असा हिरवा पट्टा येतो. मग ती पूड झाकलेल्या क्रुसिबलमध्ये (मुशीत) कोळशाच्या सोबतीने पुन्हा भाजली, आणि दुसऱ्या दिवशी हवा तो हिरवा मिळाला. वर्णपटविज्ञानावर माझा जीव जडला तो पाठ्यपुस्तकामुळे नव्हे, या लाल फजितीमुळे. (पुढे पावसाळ्यात त्याच बाटलीचे झाकण माझ्याच हातून सैल राहिले, दमट हवेने पूड निकामी केली आणि सगळे पुन्हा करावे लागले. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचे पाण्याशी वैर आहे. बाजारातल्या पुडीच्या कणांवर म्हणून तर लेप देतात.)

ट्रॅप उथळ असला तर चांदणी होते, खोल असला तर हिशेबवही. डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने सुटत नाहीत, दोनशे अंशांच्या पुढे तापवले तरच सुटतात. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर जो बिल्ला असतो, त्यात याच फॉस्फरच्या टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या असतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या पद्धतीने त्या ठरावीक मुदतीने तापवून निघणारा प्रकाश मोजतात आणि त्यावरून त्या माणसाला किती किरणोत्सार लागला ते ठरवतात.

आता खरे रेडियम. मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली ते शोधले, आणि पुढे झिंक सल्फाइडमध्ये त्याचा क्षार मिसळून घड्याळांचे आकडे रंगवले जाऊ लागले. या रंगाला उजेड दाखवावा लागत नसे. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळत आणि ते रात्रंदिवस उजळे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी हे आकडे रंगवणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करायला शिकवले होते. त्यांतल्या कित्येकींची जबड्याची हाडे कुजली, काही जणी दगावल्या. आपल्या बोलण्यात ‘रेडियम’ हा शब्द आणि त्याची भीती, दोन्ही त्या जुन्या रंगामुळेच टिकून राहिली असावीत, असा माझा कयास आहे.

एक गोष्ट मात्र लोकांना उलटी वाटते. अल्फा कणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होते आणि आकडे काळवंडतात, पण रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, १६०० वर्षांचे आहे. म्हणजे उजेड जातो, किरणोत्सार राहतो. हे ऐकल्यावर काकू उठल्या आणि कपाटातून सासऱ्यांचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले घड्याळ घेऊन आल्या. आकडे जाडसर, तपकिरी पडलेले, अंधारात ठार काळे. घड्याळजीकडून उघडून, साफ करून नातवाला द्यायचे त्यांच्या मनात होते. आमच्या विभागातल्या किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरजवळ ते धरताच काउंटर कडकड करू लागला. काच उघडायची नाही, घासायची नाही, मुलांच्या हाती द्यायचे नाही, एवढे मी बजावले. घड्याळ सध्या बंद डब्यात, माळ्यावर आहे. चांदण्या छतावरच आहेत.