चीनच्या शहरांतून, एकटीनं

शांघाय, रात्री उशिरा

ह्वांगपू नदी ओलांडायला दोन युआन लागतात. दिव्यांनी सजवलेल्या पर्यटकांच्या बोटी वेगळ्या आणि कितीतरी महाग. मी म्हणते ती साधी फेरी, ऑफिसातून घरी निघालेल्या माणसांची. एका काठावर बंड, म्हणजे जुन्या परदेशी बँकांच्या आणि पेढ्यांच्या दगडी इमारतींची रांग. समोर पुडोंग, ६३२ मीटर उंचीच्या शांघाय टॉवरसकट. पहिल्या अफूयुद्धानंतर १८४२ च्या तहानं जी पाच बंदरं परक्या व्यापाराला उघडून द्यावी लागली, त्यांत शांघाय होतं. त्या काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती आणि त्या पैशातून आपल्या मुंबईतही बरंच काही उभं राहिलं. फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या मला बंडच्या कमानी परक्या वाटत नाहीत, पण त्या ओळखीच्या का वाटतात याचा हिशेब जड आहे. फेरी पलीकडे लागेपर्यंत तोच डोक्यात होता.

निघण्याआधीची तयारी इथे नोंदवून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. अलीपे या पैसे भरायच्या ॲपला घरूनच व्हिसा कार्ड जोडून आले. भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चालतो. एका वेळच्या २०० युआनपर्यंतच्या खर्चाला जादा आकार नाही, त्यापुढे तीन टक्के. गूगल आणि व्हॉट्सॲप इथल्या जाळ्यावर चालत नाहीत, म्हणून भारतातच रोमिंगचं ई-सिम घेतलं. रेल्वेचं तिकीट कागदावर नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. हॉटेल किंवा हॉस्टेल पासपोर्ट स्कॅन करून आपली नोंद पोलिसांकडे पाठवतं. कुणाच्या घरी राहिलात, तर ही नोंद चोवीस तासांत स्वतः पोलिसांकडे करावी लागते.

मला शहरांबद्दल नेहमी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. ज्याचं तिथे कुणीच नाही, ज्याला पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही, अशा माणसाला ते शहर काय देतं? उंच इमारती लांबूनही दिसतात. बसायला जागा आहे का, प्यायला पाणी आहे का, बाईमाणसाला रस्त्यात स्वच्छतागृह सापडतं का, हे मात्र पाठीवर सामान घेऊन चालल्याशिवाय कळत नाही.

शिआन, दुपार

स्वच्छतागृहांबद्दल आधी लिहिते, कारण प्रवासवर्णनं याबद्दल गप्प असतात. शांघायमध्ये आणि इथेही, मेट्रो स्थानकात, बागेत, गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक स्वच्छतागृह आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कागद बहुतेक ठिकाणी नसतो, तो आपला आपण जवळ ठेवायचा. बाकी काही अडत नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायका वर्षानुवर्षं ज्यासाठी महापालिकेशी झगडतायत, ते इथे गृहीत धरलेलं आहे. दिवसभर बिनधास्त पाणी पिऊन फिरण्यात किती मोकळेपणा आहे, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायला नको.

सकाळी कोटावर सायकल चालवली. मिंग काळातला हा तट जवळपास १४ किलोमीटरचा, जुन्या शहराभोवती अखंड फिरणारा आणि वरून चांगला रुंद. सायकल तटावरच भाड्यानं मिळते. विटा उखडलेल्या, त्यामुळे हात बधिर होतात. डावीकडे जुन्या शहराची कौलं, उजवीकडे नवे मनोरे.

पण शिआनला मी आले ते ह्युएन त्संगसाठी. भारतातून परतल्यावर इथेच बसून त्यानं संस्कृत ग्रंथांची भाषांतरं केली. सोबत आणलेले ग्रंथ ६५७ होते. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये मोठ्या रानहंसाचा पॅगोडा उभा राहिला. आज दिसतो तो सात मजली, विटांचा, साधा. समोर त्याचा पुतळा आहे आणि भोवती प्रचंड चौक. संध्याकाळी तिथे मुलं पतंग उडवत होती.

शाळेत आपण त्याला पुलकेशीच्या धड्यात भेटतो. हर्षवर्धनाला महाराष्ट्रातल्या लोकांनी दाद दिली नाही, हे त्यानं लिहून ठेवलंय आणि तेवढं आपण अभिमानानं पाठ करतो. त्याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. संकटात सापडलेल्या कुणी मदत मागितली तर महाराष्ट्रातले लोक स्वतःचं भान विसरून धावून जातात, असं तो म्हणतो. त्यानं स्वतः देश सोडला तो बाहेर जायला बंदी असताना. वाळवंट, डोंगर, परकी भाषा, असा वर्षानुवर्षांचा प्रवास करून आलेल्या माणसाची ही नोंद आहे. एखाद्या मुलखाबद्दल वाटसरूनं काय लक्षात ठेवलं, याला मी राजाच्या विजयापेक्षा जास्त वजन देईन.

चेंगदू, संध्याकाळ

शिआनहून इथली गाडी चिनलिंग डोंगरातून येते, बराच वेळ बोगद्यांतून. चारेक तासांत गव्हाचा मुलूख संपतो आणि भाताचा सुरू होतो. हवा एकदम ओलसर, कोकणासारखी.

इथे ठरवल्यापेक्षा जास्त राहिले, याला कारण पीपल्स पार्क. बागेत शंभर वर्षांचं जुनं हमिंग चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, झाडांची सावली आणि झाकणाचा पेला. एकदा पानं घेतली की दिवसभर गरम पाणी मिळत राहतं, उठा असं कुणी म्हणत नाही. एका टेबलावर पत्ते, दुसऱ्यावर सूर्यफुलाच्या बियांचा ढीग, तिसऱ्यावर एक आजी नातवाचा गृहपाठ घेत बसलेल्या. कान साफ करणारे पोलादी चिमटा टणकन वाजवत फिरतात. पलीकडच्या वाटेवर लग्नाळू मुलामुलींची माहिती कागदांवर लावलेली: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. कागद लावणारे आणि वाचणारे, दोघंही आईवडील. मी उभी राहून बघत होते, तर एका काकूंनी माझं वय विचारलं आणि फोनवर भाषांतर करून पुढचे प्रश्नही विचारले. आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यातल्या कुठल्याही काकू याच क्रमानं विचारतील.

संध्याकाळी त्याच बागेत स्पीकर लावून बायका रांगेत नाचतात. बहुतेक साठीच्या पुढच्या. बघ्यांची पर्वा कुणालाच नाही. आपल्याकडे आजीला घराबाहेर हक्कानं जाण्याची जागा म्हणजे देऊळ, फार तर सोसायटीचा बाक. इथे म्हातारपण भर रस्त्यावर, मोठ्या आवाजात जगलं जातं. मला याचा हेवा वाटला.

जेवणाबद्दल. मी मांस खात नाही, त्यामुळे वेन्शू मठातलं शाकाहारी जेवणघर माझा आधार झालं. एरवी ‘वो छ् सू’, मी शाकाहारी, एवढं सांगायचं आणि चरबी किंवा रस्सा घातलाय का ते फोनवर लिहून पुन्हा विचारायचं. इथल्या तिखटाची धाटणी वेगळी, जीभ आधी मुंग्या येऊन बधिर होते, मग मिरची लागते. पहिला घास घेतला आणि मला मालवणची मावशी आठवली. हे तर तिरफळ! सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ एकाच वनस्पतीकुळातले भाऊबंद आहेत. मावशी बांगड्याच्या तिखल्यात घालते, हे टोफूत आणि वांग्यात. मिरची मात्र दोन्हीकडे पाहुणी, अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेली. तिरफळ दोन्हीकडे मूळचं.

चोंगचिंग, भर उन्हाळ्यात

या शहरात नकाशावरचा ठिपका आणि आपण एकाच जागी असतो, फक्त मधे दहा मजले असतात. यांगत्झी आणि जियालिंग नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारावर रचलेलं शहर. होंगयाडोंग या उतारावरच्या इमारतीत नदीकाठच्या रस्त्यावरून शिरले, लिफ्टनं अकराव्या मजल्यावर गेले आणि बाहेर पडले ती दुसऱ्या एका वाहत्या रस्त्यावर. लिझिबा स्थानकाशी मोनोरेल राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. लोक खाली उभे राहून तिचे फोटो काढतात. मला स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसांचं जास्त अप्रूप वाटलं, कारण हातात भाजीची पिशवी घेऊन ती सरळ घरी निघाली होती. बांबूच्या काठीला ओझं लावून चढ चढणारे बांगबांग हमाल आता थोडेच उरलेत. एक जण चाओतिएनमेनजवळच्या पायऱ्यांवर दिसला, वयानं माझ्या वडिलांएवढा.

उन्हाळ्यात इथे भट्टी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चोंगचिंग चीनची राजधानी होती आणि जपानी विमानांनी त्यावर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. तेव्हा डोंगरात खोदलेली आश्रयाची भुयारं अजून आहेत. काहींत आता हॉटपॉटची उपाहारगृहं चालतात आणि कडक उन्हात काही भुयारं लोकांना गारव्याला बसण्यासाठी उघडली जातात. मेट्रो स्थानकांतही त्यासाठी जागा राखलेल्या असतात. मी दुपारी एका स्थानकात टेकले, तर शेजारी आज्या विणकाम घेऊन बसल्या होत्या आणि शाळकरी पोरं अभ्यास करत होती. हे पाहून मी खरोखर भारावले. संकटाच्या वेळी खोदलेली जागा, मेट्रोसाठी बांधलेली जागा, आणि तिच्यात घरात कुलर नसलेल्या माणसाची सोय करायचं कुणाला तरी सुचलं.

रात्री अकरालाही मी एकटी गल्लीबोळांतून परत येते. मागे पावलं वाजली तरी छातीत धस्स होत नाही. प्रत्येक खांबावर कॅमेरा आहे, मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी पिशवी तपासली जाते, कोणत्या रात्री कुठे झोपले याची नोंद सरकारकडे आहे. हे मला टोचतं. रात्रीचा मोकळेपणाही मला हवाहवासा वाटतो. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं फेडता येत नाही.

आणखी एक टोचणी. पिवळ्या आणि निळ्या जाकिटांतले डिलिव्हरीवाले दुपारी स्कूटरवरच आडवे होऊन डोळा लावतात. त्यांतले कितीतरी खेड्यांतून आलेले. १९५८ पासून चाललेल्या हुकोउ नोंदणीमुळे माणसाचे हक्क गावाशी बांधलेले राहतात. नियम आता बरेच सैल झाले, तरी मोठ्या शहरात मुलाला सरकारी शाळेत घालणं त्यांना सोपं नाही. बाकावर बसायला मला कुणी काही विचारत नाही. शहर उभं करणाऱ्याला मात्र शाळेच्या दारात कागद विचारला जातो.

रेल्वेत

उत्तरेकडे निघाले. वेगवान गाडी सोडून मुद्दाम साधी स्लीपर घेतली. तीन-तीन बर्थ समोरासमोर, पडदा नाही. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. त्यावर सगळा डबा जगतो: चहा, नूडल्स, बाळाचं दूध. खालच्या बर्थवरच्या आजोबांनी न विचारता माझ्या हातावर पीच ठेवला. दहाच्या सुमारास दिवे गेले.

शिजियाझुआंग, रात्री

बॅकपॅकवाले इथे सहसा उतरत नाहीत. मी सोलापूरची, मला उतरणं भाग होतं.

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले. पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ग्वांगझू, वुहान, चोंगचिंग, शिआन, मग कम्युनिस्टांचा तळ असलेलं येनान. मी ज्या दोन शहरांत मजेत फिरले, त्यांतून ते युद्ध चालू असताना गेले. वडील वारल्याची बातमी येऊनही ते परतले नाहीत. पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला याच हबेई प्रांतात वारले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि मुलगा काही महिन्यांचा.

हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांचा पांढरा पुतळा आहे. जवळच कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचा. सोलापुरात भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक मी लहानपणापासून पाहत आले. इथे उभी राहिले तेव्हा रडू आलं आणि ते मी थांबवलं नाही.

पायरीवर बसलेल्या एका निवृत्त काकांनी विचारलं, कुठून आलीस? मी फोनवर सोलापूर दाखवलं आणि पुतळ्याकडे बोट केलं. ते उठून उभे राहिले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मग आम्ही तासभर बोललो, फोन आळीपाळीनं पुढे करत. तुमच्याकडे काय पिकतं? ज्वारी, मी म्हटलं आणि फोटो दाखवला. ते हसले. काओलियांग! लहानपणी हेच खाऊन वाढलो, म्हणाले, आता ती दारूसाठीच जास्त जाते. भाकरीचा फोटो त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला. गहू न घालता ही तुटत कशी नाही? मी लिहिलं, पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, हातानं थापायची, पाणी लावलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची. सोबत काय? शेंगदाण्याची चटणी. शेंगदाणे आमच्या हबेईतही भरपूर होतात, असं सांगून त्यांनी वीचॅटवर मला जोडून घेतलं. बायकोला करून पाहायची आहे, प्रमाणासह कृती हवी आहे. सकाळी बीजिंगची गाडी आहे, म्हणून आत्ताच लिहायला घेते. लसूण किती, ते आईला विचारून घेतलंय.