हॅरोइंग आणि कुळव

"काका, हॅरोइंग म्हणजे नुसतंच भयंकर का?" असे अकरावीतल्या पुतणीने आज सकाळी या इंग्रजी शब्दाबद्दल विचारले आणि मी घाईघाईने "हो" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर दिवसभर मनाला टोचत राहिले.

संध्याकाळी शब्दकोश उघडला. हा शब्द 'हॅरो'वरून आला आहे, आणि हॅरो म्हणजे नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यासाठी रानावरून ओढायचे दातेरी औत, आपल्या कुळवाच्याच कुळातले.

मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात जन्म गेलेली आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. मी अर्थ सांगितला तेव्हा तिचे हात थांबले. "म्हणजे काळजावरनं कुळव फिरल्यावानी," ती म्हणाली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापुरातल्या आमच्या घरातली भांडी खडखडली, त्यानंतर कित्येक दिवस आई आम्हाला घेऊन अंगणात झोपत असे. ट्रॉमा हा शब्द, जो मूळ ग्रीकमध्ये जखमेसाठी होता आणि आज अवघड पेपरलाही सहज लावला जातो, तिच्या कानावर तेव्हा आला नव्हता. विचारणाऱ्याला ती एवढेच सांगायची, "जीव थाऱ्यावर नाही."

तुमच्या घरी अशा भीतीला काय म्हणत असत?