लिंगोन, वर्ष चौथं: कुंडीतून पाऊण किलो, जंगलातून अकरा

मागच्या शरदात लिहिलं होतं की सहापैकी दोन रोपं पिवळी पडत चालली आहेत आणि कारण सापडत नाहीये. सापडलं. फुलाफळांचं नंतर, आधी तेच सांगते, कारण ब्लूबेरी लावणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. लिंगोन हे ब्लूबेरी आणि क्रॅनबेरीच्याच वंशातलं, जेमतेम वीतभर वाढणारं सदाहरित झुडूप. पानं लहान, जाड, वरून चकचकीत. स्वीडनमध्ये पाइनच्या जंगलात ते जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरत जातं, त्यामुळे जिथे एक दिसतं तिथे शेकडो असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याचं नाव व्हॅक्सिनियम व्हायटिस-आयडीया असं छापलं. व्हायटिस-आयडीया म्हणजे इडा पर्वताची द्राक्षवेल. मी राहते त्याच्याच उप्सालात. गच्चीवर सहा कुंड्या, तीन 'सुस्सी' आणि तीन 'सान्ना'. या दोन्ही स्वीडिश जाती, १९८५ आणि १९८८ साली आलेल्या. जंगलातून रोप उपटून आणायचं तर जमीनमालकाची परवानगी लागते, म्हणून सगळी रोपवाटिकेतून विकत घेतली.

तर पिवळेपणा. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जणू कोणी हिरव्या पेनाने पानावर जाळी काढली आहे. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, एवढं माहीत होतं. पण माती तर मी मुद्दाम चुना न घातलेल्या पीटची, म्हणजे दलदलीतल्या आंबट मातीची, घेतली होती (इथे पिशवीवर 'ओकाल्काद तोर्व' लिहिलेलं बघून घ्या, साध्या फुलझाडांच्या मातीत चुना आणि खत दोन्ही असतं). मार्चमध्ये अखेर सहाही कुंड्यांचा सामू (पीएच) मोजला. चार कुंड्यांत ५.१ च्या आसपास, त्या दोन कुंड्यांत ६.४. लिंगोनला साडेचार ते साडेपाच हवा. त्याच्या वर गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

सामू चढवतो तो चुना. मग तो आला कुठून? त्या दोन कुंड्या वरच्या गच्चीच्या सावलीत आहेत, तिथे पाऊस पोचत नाही. त्यांना तीन वर्षं मी नळाचं पाणी घालत होते. उप्सालाचं पाणी शहराखालच्या वाळू-गोट्यांच्या लांबलचक टेकाडातून, भूजलातून येतं आणि त्यात चुना असतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तो मी दर महिन्याला व्हिनेगरने काढते. तेच पाणी कुंडीत जात होतं.

त्यात मी आणखी एक केलं होतं. पानं पिवळी दिसल्यावर खत घातलं, नेहमीच्याच मात्रेत, तुळशीला आणि मिरचीला घालते तसं. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. लिंगोनची मुळं केसांसारखी बारीक आणि अगदी वरवर असतात. त्यांच्या पेशींत एक बुरशी राहते, ती पालापाचोळ्यातलं अन्न सोडवून झाडाला देते. हे झाड निकस, आंबट मातीसाठीच घडलेलं आहे, खताचे क्षार त्याला सोसत नाहीत. शेजारच्या आजींनी कुंडी बघितली आणि म्हणाल्या, "तू त्यांना फार खायला घालतेस. जंगलात त्यांना कोण वाढतं?" त्या नॉरलांडातल्या, म्हणजे उत्तर स्वीडनमधल्या, लिंगोन तोडतच वाढलेल्या. तेव्हापासून खत बंद.

एप्रिलमध्ये दोन्ही रोपं नव्या पीटमध्ये हलवली, वर पाइनच्या सुया अंथरल्या आणि गच्चीच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं पिंप ठेवलं. ऑगस्टपर्यंत एकावर स्वच्छ हिरवी पानं आली. दुसरं गेलं. सान्ना होतं.

फुलोरा यंदा २५ मेला दिसला. गेल्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकाला खाली माना घातलेल्या पांढऱ्या-गुलाबी घंटांचे झुबके, एकेक घंटा तांदळाच्या दाण्याएवढी. २ जूनच्या रात्री दहिवर गोठणार असा अंदाज होता. झाड उणे तापमानात मजेत असतं, पण उमललेलं फूल काळं पडतं आणि त्या फुलाचं फळ गेलं ते गेलंच. आईची जुनी सुती साडी चौघडी करून सगळ्या कुंड्यांवर टाकली, सकाळी सात वाजता काढली. एक टोक उघडं राहिलं होतं, नेमके तेवढेच झुबके गेले. त्यानंतर केसाळ गुबगुबीत भुंगे येऊ लागले. एकाच जातीपेक्षा दोन जाती शेजारी असल्या की फळ चांगलं धरतं, म्हणून नव्याने लावणाऱ्यांनी निदान दोन तरी घ्याव्यात.

१२ सप्टेंबरला तोडणी. पाच रोपांची मिळून ७४० ग्रॅम. गेल्या वर्षी सहांची ३१० होती.

आता जंगल. आकडे बघून कोणी विचारेल की कुंड्यांचा खटाटोप कशाला. माझं उत्तर असं की कुंडीमुळे मला जंगल वाचता येऊ लागलं. पूर्वी मी गर्द सावलीत शोधत बसायचे. तिथे झुडपं दाट, फळ नाही. लिंगोनला फळायला ऊन लागतं. आता उप्सालाजवळच्या लुन्सेनच्या जंगलात शिरलं की मी थेट खडकांच्या उघड्या माथ्यांकडे जाते, विरळ पाइन, पायाखाली कुरकुरणारं शेवाळ आणि दगडफूल, तिथे. इथल्या 'आलेमान्सरेत्तेन' या रिवाजामुळे दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही कोणालाही फळं तोडता येतात. तीन शनिवारी नवरा, मी आणि लेक मिळून ११ किलो. हाताने एवढं होत नाही, दातेरी फणी लावलेला डबा वापरतो. त्यात पानंही येतात. घरी आल्यावर फळी तिरकी धरून वरून सोडायची. फळं घरंगळत खाली जातात, पानं मागे राहतात.

नवख्यांनी एक नक्की शिकून घ्या. 'म्योलोन' नावाचं दुसरं झुडूप अशाच जागी वाढतं, लाल फळंही तशीच. पान उलटून बघा. लिंगोनच्या पानामागे काळपट बारीक ठिपके असतात आणि कडा आत वळलेली असते. म्योलोनला ठिपके नाहीत, शिरांची जाळी दिसते. त्याचं फळ विषारी नाही, पण पिठूळ आणि बेचव.

स्वयंपाकघरात यंदा चार प्रकार केले.

'वात्तलिंगोन' म्हणजे नुसती कच्ची फळं, उकळून गार केलेलं पाणी, बरणी. साखर नाही, मीठ नाही, शिजवणं नाही. आपल्याकडे सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट छापलेलं असतं ना, त्याच घराण्यातलं बेंझोइक आम्ल लिंगोनमध्ये जात्याच असतं, म्हणून ते टिकतं. गेल्या सप्टेंबरची बरणी फेब्रुवारीत उघडली तेव्हा फळं टणक होती, बुरशीचा ठिपका नव्हता आणि पाणी गुलाबी, प्यावं असं आंबट झालं होतं.

'रोरोर्दा', म्हणजे कच्चंच ढवळलेलं. एक किलो फळाला चारशे ग्रॅम साखर, दिवसभर जाता-येता हलवत राहायचं. हे इथे मीटबॉलबरोबर खातात. आमच्याकडे 'रागमुंक'बरोबर जातं, ते म्हणजे किसलेल्या बटाट्याचं धिरडंच.

तिसरा प्रकार सगळ्यांनी करावा असा. फिनलंडमध्ये त्याला 'विस्पीपूरो' म्हणतात, स्वीडनमध्ये 'क्लाप्पग्रोत'. सहा वाट्या पाण्यात दोन वाट्या लिंगोन उकळून गाळायचे, पाऊण वाटी साखर घालायची, उकळत्या रसात एक वाटी रवा हळूहळू भुरभुरवत शिजवायचा. पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग फेटायचा. गडद किरमिजी लापशी पाच-सहा मिनिटांत फुलत जाते आणि फिकट गुलाबी, हलकी होते. वर थंड दूध. शिऱ्याच्या रव्याचं हे रूप मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

चौथं लोणचं, करवंदाच्या लोणच्यासारखं. पहिल्या बरणीत मेथी नेहमीएवढी घातली, ते चुकलं. लिंगोनला स्वतःचा तुरट-कडवटपणा आहे, त्यावर मेथी चढते. दुसऱ्या बरणीत मेथी गाळली, मोहरी, हिंग, तिखट आणि थोडा गूळ. ही बरणी पंधरा दिवसांत अर्धी झाली.

औषधी उपयोगाबद्दल दोन जणींनी विचारलं होतं. पानांत आर्ब्युटिन नावाचं द्रव्य असतं आणि लघवीच्या तक्रारींवर त्याचा काढा घ्यायची जुनी पद्धत आहे, पण मी तो घेत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्हीही घेऊ नका. २००१ सालचा एक फिनिश अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात स्त्रियांना वारंवार होणारा लघवीचा संसर्ग कमी झाला होता, पण रस क्रॅनबेरी आणि लिंगोनचा एकत्र होता, त्यातही क्रॅनबेरी जास्त. सगळं श्रेय लिंगोनला देता येत नाही.

आणि पुण्याहून मावशीने विचारलं, कुंडीत लावू का? मावशी, नको. त्याला लांब, खरा हिवाळा लागतो आणि उन्हाळ्याची उष्णता सोसत नाही. तू करवंद लाव.

रिकाम्या सहाव्या कुंडीचं असं झालं. शेजारच्या सान्नाच्या कुंडीत अगदी कडेला, मूळ झाडापासून चार बोटं दूर, जुलैत एक कोंब वर आला. २० सप्टेंबरला बारीक मुळांसकट वेगळा केला, सहाव्या कुंडीत लावला, पिंपातलं पाणी घातलं. आज त्याला सात पानं आहेत. बर्फ पडेपर्यंत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांनी झाकून ठेवणार आहे, कारण गोठलेल्या मातीत हिवाळ्यातलं ऊन पानं सुकवतं. पुढची नोंद मेमध्ये.