आज पाताळेश्वर

आज आईला घेऊन पुण्यातल्या पाताळेश्वरला गेले. जंगली महाराज रस्त्यावरून येणंजाणं रोजचंच, पण आत जायला मुद्दाम सवड काढावी लागते. आठव्या शतकातली, राष्ट्रकूट काळातली ही लेणी. काळ्या कातळात खोदलेली. नंदीचा गोल मंडप तर बघतच राहावा! वर छत्रीसारखं दगडी छत, खाली दणकट खांब, सगळं जागच्या खडकातूनच कोरलेलं. जवळ जाऊन बघितलं की छिन्नीचे घाव दिसतात. आतलं काही काम अर्धवट राहिलंय, आणि मला तेच फार भावतं. कोपऱ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या बघून मात्र जीव तुटला. बाराशे वर्षं टिकलंय हो हे! सुट्टीत मुलांना नक्की न्या, शेजारी जंगली महाराजांच्या समाधीचंही दर्शन घ्या.