तिसरी घंटा आणि नानांचा पंचा

आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन जानेवारीतल्या रविवारी. मंगळवार कुणी सुचवूही नये. सिद्धिविनायकाच्या गर्दीतून बाजाची पेटी काढणं काय असतं, ते एकदा भोगून झालंय.

जागा ठरलेली, प्रभादेवीचं पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीचं संकुल. अकादमी 2002 ची, पण टॅक्सीवाल्याला अजून 'रवींद्र'च सांगावं लागतं. 1961 च्या टागोर जन्मशताब्दीची आठवण म्हणून उभं राहिलेलं ते मोठं नाट्यगृह, रवींद्र नाट्य मंदिर, सुमारे 900 खुर्च्यांचं. आमची झेप मिनी थिएटरपर्यंत. तेवढं भरवतानाही सेक्रेटरीचा घाम निघतो. सेक्रेटरी मीच.

डोंबिवली-विरारची माणसं पहिल्या घंटेला हजर. प्रभादेवीतच टॉवरमध्ये राहणारे मात्र तिसरी घंटा उलटल्यावर येतात, वड्यांच्या वासावर. नावं घेत नाही, त्यांची त्यांना कळतात.

दीपप्रज्वलन, अहवाल, गुणवंतांचा सत्कार उरकतात. अध्यक्षांचे 'दोन शब्द' चाळीस मिनिटं चालतात. मी वाट बघतो ती नानांची.

नाना कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, मग चाळही, आणि ते नालासोपाऱ्याला गेले. चाळीच्या गणपतीत बायकांच्या भूमिका त्यांच्याच. आता खुर्चीत बसून करतात. खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतात, टोक दातात धरतात, की झाली कोकणातली घरधनीण. पोस्टमास्तरांकडून मुंबईच्या नवऱ्याला पत्र लिहवून घेतेय. पाऊस, गाय, कौलं सगळं सांगून होतं, आणि मग आवाज खाली येतो, "मास्तरानू, झिलाच्या तापाचा लिवू नकात. तेंका थंय झोप लागाची नाय."

अशी पत्रं नानांना स्वतःला यायची. दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी मी विंगेत तोंड फिरवून उभा.

संकुल नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा एका शाळेच्या सभागृहात भरलो. पंख्यांच्या घरघरीत ते वाक्य चौथ्या रांगेपलीकडे गेलंच नाही. 2025 मध्ये संकुल पुन्हा उघडलं, तेव्हा पुढच्या खेपेला मी विंग सोडून मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. माइक नव्हता. नानांनी श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला.

आभाराची यादी आता खिशात ठेवतो. मध्ये एकदा तबलजी राहिला, वर्षभर बोलला नाही. म्हणून पडदा ओढणारे जावईबापू, साऊंडवाला, रांगोळीच्या दोघी जावा, पेटी देणारे बुवा, वडे तळणाऱ्या काकू आणि त्यांना कढई देणारा शेजारी, बॅनर फुकट छापणारा भाचा, खुर्च्या मोजणारी पोरं, आणि तबलजी, दोनदा.

तरी घरी पोचल्यावर आठवलं. नानांना आणणारा, जिन्यावरून हात धरून उतरवणारा त्यांचा नातू यादीत नव्हताच. रात्री साडेअकराला फोन लावला. दोघं अजून विरार गाडीत उभे होते.